काकाचा कोटीचा गोळा

नारळी पौर्णिमेला तीन दिवस होते. शनिवारी अर्धा दिवस भरून मी चिपळूणला खोलीवर आले होते, कुकर लावला होता, तेवढ्यात काकाचा व्हिडिओ कॉल. काका एरवी साधा फोनसुद्धा मिस्ड कॉल देऊन करतो. स्क्रीनवर आधी कौलं दिसली, मग काकाचा कान, मग तो कॅमेऱ्याला नाक लावून हळूच म्हणाला, "बाय, दार लावून घे."

"काका, मी एकटीच आहे खोलीत."

"तरी लाव."

मी लावलं. मग त्याने फोन खाली वळवला. पडवीत गोणपाटावर मध्यम कलिंगडाएवढा एक गोळा होता. पिवळट पांढरा, एका बाजूने चेपलेला, अंगाला वाळू. मासळीच्या काट्यावर साडेचार किलो भरला म्हणे. मागे दादा उभा होता, माझा चुलतभाऊ, लग्नात असतो तसा चेहरा करून.

"देवमाशाची उल्टी हाय," काका म्हणाला. "दादान सुई घालून बगितलान."

आमचं गाव गुहागर तालुक्यात. काकाचं घर आणि आमचं घर एकाच अंगणात, आणि अंगणाच्या पुढे सुरूची झाडं संपली की समुद्र. पावसाळ्यात समुद्र काय काय आणून टाकतो त्याची यादी लहानपणापासून पाठ आहे: चपला, थर्माकोल, तुटलेली जाळी, बल्ब (हे कधी फुटत कसे नाहीत देव जाणे), आणि डांबराचे गोळे. ते तर दरवर्षीचेच. वाळूत काळे चपटे गोळे पडलेले असायचे, ऊन लागलं की मऊ व्हायचे, आणि घरी येईपर्यंत तळव्याला चिकटलेले. आजी दारातच अडवायची, रॉकेलचा बोळा घेऊन बसायची आणि तळवे लाल होईपर्यंत घासायची. ते डांबर म्हणजे जहाजांतून सांडलेलं, नाहीतर टाक्या धुताना सोडलेलं तेल. हलका भाग उडून जातो, उरलेलं घट्ट होतं आणि नैऋत्येचा वारा ते किनाऱ्याला लावतो. त्याची कुणाला उत्सुकता नव्हती. पण पांढरा गोळा कधी आला नव्हता.

आणि पांढऱ्या गोळ्याचं सध्या काय झालंय ते तुम्हाला माहीत आहे. दर दोन-चार महिन्यांनी बातमी असते, अमुक ठिकाणी व्हेलच्या उलटीची तस्करी, इतके किलो जप्त, किंमत इतके कोटी. किलोला कोटीचा भाव छापून येतो. त्यामुळे आमच्या किनाऱ्यावर आता प्रत्येक माणूस मान खाली घालून चालतो.

मी लोट्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. दिवसभर काम एकच, आलेल्या पिंपातला माल हा पिंपावर लिहिलेलाच माल आहे की नाही ते बघायचं. घरच्यांच्या लेखी मी म्हणजे 'केमिकलवाली', त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला होता. निवाडा कसला, त्यांना फक्त शिक्का हवा होता.

"सुई कशी घातलीस?" मी दादाला विचारलं.

त्याने यूट्यूबवर बघून केलं होतं. सुई गॅसवर लाल केली, गोळ्यात टोचली. गोळा वितळला, थोडा धूर आला, सुई बाहेर काढली तर तिला चिकट काहीतरी. व्हिडिओतला माणूस म्हणाला होता की असं झालं की अंबर, म्हणजे देवमाशाची उलटी, समजायचं.

"आता तीच सुई मेणबत्तीत घाल."

"कशाला?"

"घाल तर."

देव्हाऱ्याखालच्या खणातून मेणबत्ती आली. सुई तापली, टोचली, मेण वितळलं, धूर आला. कॉलवर काही क्षण कुणी बोललं नाही. मेणबत्तीही पास झाली होती. मग काका म्हणाला, "मेनबत्ती मऊच असते गो," आणि विषय त्याच्यापुरता संपला.

मला तेव्हाच वाटलं की रविवार जाणार. आणि एक गोष्ट तेव्हाच सांगून टाकली, ती म्हणजे हे खरंच अंबर निघालं तर लॉटरी नाही, केस आहे. ज्या देवमाशाच्या पोटात ते होतं तो, स्पर्म व्हेल, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याच्या शरीरातून आलेली वस्तू बाळगायची नाही, विकायची तर अजिबात नाही. वाळूत सापडली म्हणून आपली होत नाही. वनखात्याला कळवायचं आणि बाजूला व्हायचं. काका म्हणाला, "म्हनूनच तुला दार लावायला सांगितलं."

रविवारी सकाळची गुहागर एसटी पकडली. पिशवीत थर्मामीटर, हातमोजे, चष्मा आणि वाटेत हार्डवेअरच्या दुकानातून घेतलेला पाव किलो कॉस्टिक सोडा. कंडक्टरने विचारलं, "संडास तुंबलाय काय?" मी हो म्हटलं.

गोळा आता पडवीतून माजघरात आला होता आणि त्यावर आजीचं जुनं लुगडं घातलं होतं. पडवीतल्या खांबाला कुत्रा बांधलेला. का, तर रात्री त्याने गोळ्याचा एक कोपरा खाल्ला होता आणि पहाटे अंगणात ओकला होता.

"उल्टीची उल्टी," दादा म्हणाला.

मी त्यावर हसले, पण खरं म्हणजे निम्मं उत्तर कुत्र्याने देऊन टाकलं होतं. मेणबत्ती कुत्रा चाटत नाही. कुत्रा चाटतो ते स्निग्ध.

लुगडं काढलं. वरचं कवच खरखरीत आणि राखाडी झालेलं, बोटाने दाबलं तर दबत नव्हतं. खालच्या अंगाला देठ असलेले बारके शिंपले चिकटलेले, नखाएवढे, काही अजून ओले. तरंगत्या लाकडावर, बाटल्यांवर बसतात तेच. म्हणजे हा गोळा कालपरवाचा नव्हता, बरेच दिवस पाण्यावर होता. सुरीने एक कड कापली. आत शुभ्र. थंडीत बाटलीत खोबरेल गोठल्यावर जसा रवाळ पांढरा रंग येतो, तसा. आणि वास! आपण दिवाळीचा चिवड्याचा डबा विसरतो आणि होळीला उघडतो ना, तो वास. खवट.

अंबराचा वास असा नसतो. ताजं असताना ते काळं, मऊ आणि शेणासारख्या वासाचं असतं. वर्षानुवर्षं ऊन, वारा, खारं पाणी खाऊन ते राखाडी होतं आणि मग त्याला तो अत्तरवाल्यांचा लाडका वास येतो. शिवाय उलटी हा शब्दच चुकीचा आहे. स्पर्म व्हेल माकूल खातो. माकुळाची चोच पोपटासारखी टणक, पचत नाही. बहुतेक चोची तो खरोखरच ओकून टाकतो, पण काही वेळा त्या आतड्यात उतरतात, तिथे टोचतात, आणि त्यांच्याभोवती मेणासारखा थर साचत जातो. हा गोळा तयार होतो आतड्यात आणि बाहेर येतो तो मागच्या वाटेने, नाहीतर मासा मेल्यावर. शंभरात एखाद्या स्पर्म व्हेलच्या पोटात तो होत असावा असा अंदाज आहे. १७८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत श्वेदियावर नावाच्या डॉक्टरचा लेख वाचला गेला, त्यात ह्या चोचींवरूनच त्याने अंबर कुठून येतं ते सांगितलं होतं. म्हणजे ओळखायची खूण अडीचशे वर्षांपूर्वीच हाती आलेली आहे: गोळा फोडा, आत चोची आहेत का बघा. यूट्यूबवर हे सांगत नाहीत, कारण गोळा फोडला की भाव उतरतो.

मी हे सगळं आईला पोहे खाताना सांगत होते. ती म्हणाली, "मागच्या वाटेने येतं ते अत्तरात घालतात?" मी म्हटलं, घालायचे. आता बहुतेक कारखान्यातच बनवतात, क्लेरी सेज नावाच्या झाडापासून निघणाऱ्या द्रव्यातून. "मग कोटी कोण देतो?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पकडलेल्यांतल्या कितीजणांनी खरा गिऱ्हाईक बघितला असेल, मला शंका आहे.

गोळा फोडला. एक चोच नाही. काकाचं म्हणणं, "बारकी असतील, विरघळली असतील."

इथे मला माझ्या कामातली एक सवय सांगायला हवी. आमच्याकडे नवीन मुलगा आला की तो आधी अशा टेस्ट करतो ज्यात माल पास होईल. तरंगतं का? तरंगतं. वितळतं का? वितळतं. रॉकेलमध्ये विरघळतं का? विरघळतं. पण मेणही तरंगतं, चरबीही तरंगते, अंबरही तरंगतं. हे सगळं करून आपण काहीच शिकलेलो नसतो. टेस्ट अशी हवी की तीन उमेदवारांपैकी निदान एकाची विकेट जाईल. माझ्यासमोर उमेदवार होते अंबर, पॅराफिन मेण आणि चरबी किंवा घट्ट तेल. कॉस्टिकमध्ये उकळलं की ह्यातल्या एकाचाच साबण होतो.

आईकडे स्टीलचं पातेलं मागितलं. ती म्हणाली, "त्या घाणीला माझं स्टील नाही मिळायचं," आणि फडताळामागून एक जुनं हिंडालियमचं पातेलं काढून दिलं. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल. मी तुकडा वितळवला, वाळू खाली बसू दिली, दुसरीकडे प्लॅस्टिकच्या मगात पाण्यात कॉस्टिक हळूहळू विरघळवलं (पाण्यात कॉस्टिक, कॉस्टिकवर पाणी नाही), आणि आजूबाजूला जमलेल्या दहा-बारा माणसांना ऐटीत मागे सरायला सांगून ते पातेल्यात ओतलं.

पातेलं फसफसलं. म्हणजे गोळा नाही, पातेलंच. हिंडालियम म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, आणि अ‍ॅल्युमिनियमवर कॉस्टिक म्हणजे हायड्रोजन. हे मी बारावीच्या मुलांना शिकवण्या घेत असताना फळ्यावर लिहिलेलं आहे. खाली चूल पेटलेली आणि वर हायड्रोजनचे बुडबुडे, अशा वेळी एमएस्सी झालेल्या मुलीने काय करावं? मी काठीने पातेलं ढकलून वाळूत पाडलं आणि किंचाळले. लोकांना वाटलं, गोळ्यातूनच काहीतरी निघालं. काकाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती आणि अभिमान एकदम दिसला.

पातेलं काळं पडलं ते पडलंच. आईने त्यानंतर स्टीलचं दिलं, बोलत काही नव्हती.

दुसऱ्या वेळी नीट झालं. मंद जाळावर पाऊण तास लाकडी पळीने ढवळत बसले. आधी वर तेलाचा तवंग, खाली पाणी, दोघांची अजिबात मैत्री नाही. मग कडेने दुधट व्हायला लागलं. मग हळूहळू सगळंच एकजीव, पिठल्यासारखं, पळी वर उचलली की जाड धार पडेल असं. त्यात मूठभर मीठ टाकलं. खारट पाण्यात साबण राहत नाही. पाच मिनिटांत दुधात लिंबू पिळल्यासारखं झालं, पांढरे गठ्ठे वर आणि खाली पिवळट पाणी. गठ्ठा फडक्यात पिळून घेतला, चार वेळा मिठाच्या पाण्याने धुतला, बोटावर मोजा घालून साध्या पाण्यात घासला.

फेस आला. भरपूर.

मेणाला फेस येत नाही. अंबरालाही येत नाही. त्यात मुख्य असतं अंब्रेन, ते एक प्रकारचं अल्कोहोल, त्याला कॉस्टिकशी देणंघेणं नसतं. हे अंब्रेन १८२० मध्ये पेलेतिए आणि काव्हांतू ह्या दोन फ्रेंच औषधवाल्यांनी वेगळं केलं. त्याच वर्षी त्याच जोडीने सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन काढलं होतं. काय वर्ष असेल! असो. फेस आला म्हणजे चरबी, एवढं मागच्या अंगणात सिद्ध झालं.

दादाने फेस बघितला आणि तो सरळ समुद्राकडे निघून गेला. मला वाईट वाटलं. त्याची बोटीच्या इंजिनाची उधारी अजून फिटलेली नाही, आणि मी एका सकाळी त्याचे साडेचार कोटी साबणात घालवले होते.

एक चिमूटभर तुकडा डबीत घालून सोमवारी कामावर नेला. साहेबांना विचारून आमच्या एफटीआयआरवर, म्हणजे माल कुठला अवरक्त प्रकाश शोषतो ते बघून त्याची ओळख पटवणाऱ्या यंत्रावर, लावला. ह्या यंत्राचं मला अजून कौतुक वाटतं. हिऱ्याचा एक बारीक तुकडा असतो, त्यावर मोहरीएवढा नमुना ठेवायचा, वरून दाबायचं, अर्ध्या मिनिटात आलेख. २९२० आणि २८५० ला दोन सुळके, ते कार्बनच्या लांब साखळीचे, मेणालाही येतात. पण १७४३ ला उभा टोकदार सुळका, तो एस्टरचा, म्हणजे तेल-तुपाचा. त्याला लागून १७१० च्या आसपास एक खांदा. तो सुट्या फॅटी अ‍ॅसिडचा, म्हणजे पाण्यात राहून माल फुटायला लागला होता. खवट वासाचं कारण तेच. अंबर असतं तर ३३०० च्या बाजूला अल्कोहोलचं रुंद टेकाड दिसलं असतं. तिथे सपाट मैदान. वितळण्याचा बिंदू ४८ ते ५२ अंश. अंबर साठाच्या पुढे जातं. शेवटी माझ्या एका मैत्रिणीने तिच्या लॅबमध्ये जीसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, लावून दिलं. पामिटिक आम्ल निम्म्याहून जास्त. प्राण्याच्या चरबीत ते इतकं कधी नसतं. पाम स्टिअरिन, पामतेलातला घट्ट भाग.

ते समुद्रात कसं? जगात सगळ्यात जास्त पामतेल आयात करणारा देश आपलाच. इंडोनेशिया-मलेशियाहून टँकर भरून येतं, टाक्यांत गरम ठेवून आणतात, नाहीतर गोठेल. बंदरात टाकी रिकामी केली तरी भिंतींना, तळाला थोडं राहतंच. पुढचा माल भरण्याआधी टाकी धुवावी लागते आणि ते धुवण समुद्रात सोडायला आंतरराष्ट्रीय नियमांत परवानगी आहे: किनाऱ्यापासून निदान १२ सागरी मैल लांब, पाणी २५ मीटरहून खोल, जहाज किमान ७ नॉटने चालत असताना. टाकीत किती उरलं चालेल त्याचीही मर्यादा आहे, नव्या जहाजांना ७५ लिटर. थंड पाण्यात पडलं की त्याचे गोळे होतात. इंग्लंडच्या किनाऱ्यावर असे गोळे येऊन कुत्रे आजारी पडायला लागले, बोंबाबोंब झाली, तेव्हा १ जानेवारी २०२१ पासून वायव्य युरोपच्या समुद्रासाठी नियम कडक झाले. असा घट्ट होऊन तरंगणारा माल असेल तर टाकीचं पहिलं धुवण बंदरातच उतरवायचं. अरबी समुद्राचं नाव त्या यादीत नाही. ह्याचा मला राग येतो, आणि राग काढायला आमच्या किनाऱ्यावर कुणी नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात सिडनीच्या कुजी बीचवर काळे गोळे आले, तेव्हा आधी सगळे डांबर म्हणाले; तपासल्यावर त्यात फॅटी अ‍ॅसिडं आणि सांडपाण्याच्या खुणा निघाल्या. त्याच सुमाराला कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला कणकेच्या गोळ्यांसारखं पांढरं काहीतरी आलं. तिथल्या रसायनशास्त्रज्ञाने शोधून काढलं की ते ब्यूटाइल रबर आणि पॉलीव्हिनाइल अ‍ॅसिटेट, म्हणजे आपल्या सुताराच्या फेव्हिकॉलात असतं ते. पाम स्टिअरिन त्या मानाने गरीब गाय म्हणायची.

दादाला मात्र मी एका गोष्टीवरून, त्या लाल सुईवरून, खरंच ओरडले. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली, एकावरचे कंटेनर समुद्रात पडले, त्यांतल्या काहींत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड हे कीटकनाशक होतं. ओल लागली की त्यातून विषारी वायू निघतो. जर्मनीत उसेडोम बेटावर लोक पिवळे खडे अंबरमणी (देवमाशाचं अंबर नव्हे, झाडाच्या राळेचा जुना खडा) समजून खिशात घालतात. ते असतं दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बमधलं फॉस्फरस, सुकलं की खिशात पेटतं. त्यामुळे माहीत नसलेल्या वस्तूत लाल सुई खुपसायची नाही, नाकाला लावायची नाही, कुत्र्याला जवळ येऊ द्यायचा नाही. दादा म्हणाला, "आनि पातेल्यात उकळायची नाय." बरोबर आहे.

गोळ्याचं काय करायचं? मी म्हटलं, नारळाच्या आळ्यापासून लांब खड्डा काढून पुरा. काकाने मान डोलावली. साबणाची वडी मी पाडली होती, करडी, दगडासारखी. आईने ती मोरीच्या कट्ट्यावर दोन दिवस ठेवली, मग अंगणात भिरकावली. नवीन पातेलं मी दिवाळीत घेऊन दिलं.

गणपतीत गावी गेले तेव्हा आरत्यांची पुस्तकं काढायला काकाच्या माळ्यावर चढले. कोपऱ्यात एक डबा होता, वरून दोरीने बांधलेला. दोरी सोडली, झाकण उघडलं, आणि तो होळीच्या चिवड्याचा वास. अर्धा गोळा नीट फडक्यात गुंडाळून ठेवलेला. खाली काका टाळ घेऊन उभा होता आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

मी झाकण लावलं, दोरी बांधली आणि डबा होता तिथे सरकवला. जुना पिवळा डालड्याचा डबा होता, त्यावरचं हिरवं ताडाचं झाड अजून स्वच्छ दिसत होतं.